म्हातारीची बाटली

हिर्विमाकी गावात कुणाच्या इंजिनातला दम गेला की ते कौको पुर्सियाइनेनकडे जातं. घरामागचा जुना गोठा हेच त्याचं वर्कशॉप. गाई विकून पुष्कळ वर्षं झाली, पण गव्हाणी अजून जागेवर आहेत. एकीत पिस्टन, दुसरीत कार्ब्युरेटर आणि तिसरीत त्याच्या बायकोची, सिर्क्काची, बटाट्याची पोती. बर्फावरची स्कूटर असो, मोटारबोट असो की झाडं कापायची करवत, कौको ती उघडून बाकावर मांडतो, कॉफी पीत बराच वेळ तिच्याकडे नुसता बघत बसतो, आणि परत देतो तेव्हा ती मालकाला ओढून नेते. काय केलंस म्हणून विचारलं तर म्हणतो, "विशेष काही नाही. जरा पुसली."

आम्ही फिनलंडातल्या साव्हो भागाचे लोक असेच. सरळ बोलणं आमच्याकडे उद्धटपणात मोडतं. बोलणाऱ्याने बोलावं, त्यातलं खरं किती ते ऐकणाऱ्याने आपलं आपण बघून घ्यावं. छपराला आग लागली तरी आमचा माणूस म्हणेल, "जरा उबदार वाटतंय खरं." बाकीचा फिनलंड यावरून आम्हाला लबाड म्हणतो. म्हणू दे बापडा.

उन्हाळ्यात रविवारी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत गाड्यांची शर्यत असते. शेतकरी, ट्रकवाले, दातांची डॉक्टरीण, कुणीही उतरतं. जुनी गाडी घ्यायची, काचा काढायच्या, आत लोखंडी सांगाडा वेल्ड करायचा, आणि इंजिनात काय डोकं चालवायचं ते चालवायचं. मात्र या शर्यतीचा एक नियम आहे, आणि कौकोचं सगळं सुखदुःख त्या एका नियमात मावतं. शर्यत संपली की कुठल्याही गाडीला कुठलाही स्पर्धक मागणी घालू शकतो. किंमत सगळ्या गाड्यांना एकच, आणि तीही इतकी कमी की त्यात धड बोटीचं इंजिन येत नाही. मागणी आली की गाडी द्यायची. अनेकांची आली तर चिठ्ठी काढायची. नाही म्हटलं तर पुन्हा शर्यतीत पाय ठेवायचा नाही. श्रीमंतांनी गाडीत पैसा ओतू नये म्हणून जुन्या लोकांनी हा नियम केला. पण कौको पैसा ओततच नव्हता, तो हिवाळे ओतायचा. हिवाळ्यांबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही.

त्याच्या दोन गाड्या अशाच गेल्या होत्या. पहिली लाल. ती शेजारच्या गावच्या माणसाने नेली आणि पहिल्याच वळणावर बर्चच्या झाडावर नेऊन आदळली. दुसरी एका मास्तराने नेली आणि तिच्यातून कोंबड्यांचं खाद्य वाहिलं. ते ऐकल्यावर कौकोला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मास्तर भेटला की तो अजूनही रस्त्याची बाजू बदलतो.

म्हणून तिसरी गाडी बांधली तेव्हा तो शहाणा झाला होता. गाडी जुनी जपानी, ठेंगणी, कुठे नजर ठरू नये अशी. सगळे तिला म्हातारी म्हणत. सिर्क्का म्हणायची, "एक म्हातारी स्वयंपाकघरात, एक गोठ्यात. फरक इतकाच की गोठ्यातलीला तो रोज हात लावतो." ते खोटं नव्हतं. तीन हिवाळे त्याने म्हातारीच्या इंजिनावर घालवले. हेडमधल्या हवेच्या वाटा बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत घासल्या, कॅम स्वतः कापला, पिस्टन सिर्क्काच्या केकच्या काट्यावर तोलून तोलून सारखे केले. असं इंजिन आसपासच्या कुठल्याही गावात नव्हतं, आणि ते कुणाला कळू नये ही त्याची एकच धडपड होती.

देखण्या पोराच्या गालाला तीट लावतात, तशी त्याने म्हातारीला तीट लावली. बोनेटखाली एक काचेची बाटली बसवली, तिच्यात शिलाई मशीनचं तेल, आणि तिथून एक बारीक नळी तापलेल्या सायलेन्सरपर्यंत. सीटखाली तोटी. तोटी जराशी फिरवली की मागून निळा धूर असा निघायचा की बघणाऱ्याला वाटावं, हिचे दिवस भरले. मागच्या डिकीत कॉफीचा पत्र्याचा डबा तारेने टांगला आणि त्यात मूठभर नट टाकले. म्हातारी चालली की सगळी हाडं खुळखुळल्यासारखा आवाज. दारांवर त्याने तपकिरी रंगात वाळू कालवून गंज रंगवला, आणि तो इतका मन लावून रंगवला की सिर्क्का म्हणाली, घराच्या भिंतींना याच्या निम्मी माया लावली असतीस तर बरं झालं असतं. तपासनिसाने धुराला नाक मुरडलं, पण नियमात धुराबद्दल एक ओळही सापडली नाही.

वर तोंडाने पाढा चालूच. ब्लॉकला तडा आहे. गिअर अडकतात. हा उन्हाळा निघेल असं वाटत नाही. आणि शर्यतीत तिसरा नंबर, नेहमी तिसरा. पहिल्या दोघांच्या मागे धूर सोडत, डबा वाजवत, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अर्ध्यावर ठेवून. तिसऱ्या नंबरच्या खुळखुळ्याला कोण मागणी घालणार? अशी वर्षं गेली. म्हातारी घरात राहिली आणि कौको सुखी होता. आपल्या हातचं काम किती चांगलं आहे हे जगात एकट्यालाच माहीत असणं, याला सुख म्हणायचं असेल तर तो सुखी होता.

तळ्याच्या पलीकडे एन्सिओ तिहोनेन राहायचा. लाकडाचा ट्रक चालवायचा, शर्यतीत बहुतेक वेळा पहिला यायचा, आणि शनिवारी कौकोच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, येऊन वरच्या फळीवर बसायचा. लहानपणापासूनची मैत्री, म्हणजे एकमेकांना टोचायची सवय हाडीमाशी भिनलेली. एका शनिवारी तापलेल्या दगडांवर पाणी ओतता ओतता एन्सिओ म्हणाला, "कौको, म्हातारीला आता सोड. भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे. वाटल्यास मी त्याच्याशी बोलतो, फुकट उचलून नेईल."

कौको म्हणाला, बघू. पण त्या रात्री त्याला झोप नीट लागली नाही, आणि सिर्क्काने विचारलं तेव्हा डासांवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत एन्सिओ पुढे, त्याच्या मागे दंतवैद्य बाई, आणि ठरल्याप्रमाणे कौको तिसरा धावत होता. मधल्या उंचवट्यावर म्हातारीने उडी घेतली आणि डिकीतला डबा तार तुटून खाणीत कुठेतरी गेला. त्याच सुमारास बाटलीतलं तेलही संपलं, कारण सकाळी ती भरायची कौको विसरला होता, आणि ते भंगारवाल्याच्या विचारात विसरला होता. धूर थांबला. खुळखुळ थांबली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, भर शर्यतीत, कौकोला आपल्या इंजिनाचा स्वच्छ आवाज ऐकू आला.

तो आवाज ऐकून त्याचा पाय खाली गेला. त्याने दाबला असं म्हणता येणार नाही, तो गेला. पुढच्या वळणात बाई मागे पडल्या, शेवटच्या वळणात एन्सिओ. म्हातारी रेषेपार गेली तेव्हा एन्सिओ अजून खडी उडवत वळत होता.

गाडी थांबली आणि कौकोला नियम आठवला. आता गेली. हेल्मेट काढून तो थेट सिर्क्काच्या सॉसेजच्या टपरीमागे जाऊन बसला. सिर्क्काने न विचारता त्याच्या हातात मोहरी लावलेलं सॉसेज दिलं. ते त्याने खाल्लं नाही, नुसतं धरून ठेवलं.

मागण्या टाकायची सोय मायरेच्या टेबलावर असते. मायरे म्हणजे पूर्वीची पोस्टातली बाई, आता शर्यतीची कार्यवाह. ती काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या टेबलावर ओळीने मांडते, प्रत्येकीवर गाडीचा नंबर. ज्या गाडीला मागणी घालायची तिच्या बरणीत किमतीचे पैसे घातलेला आणि वर तिचा नंबर लिहिलेला लिफाफा टाकायचा. काच असल्यामुळे सगळ्यांना सगळं दिसतं. कौकोने टपरीआडून मान लांब करून बघितलं. एन्सिओच्या बरणीत लिफाफे. दंतवैद्य बाईंच्या बरणीत लिफाफे. ज्या गाडीला पुढचं चाकच उरलं नव्हतं तिच्याही बरणीत एक. म्हातारीची बरणी रिकामी.

पहिल्यांदा त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने सॉसेजचा एक घास घेतला. दुसऱ्या घासाला तो चावायचा थांबला. गावातल्या सगळ्या मुलींना मागण्या आल्या आणि आपलीला कुणी विचारलंसुद्धा नाही, तर बापाचं जे होतं ते त्याचं झालं. मुलगी घरातच राहायला हवी होती हे खरं, पण लोकांनी विचारायला तर हवं होतं!

तो उठून टेबलाशी गेला आणि मायरेला हळूच म्हणाला, बरणीचा नंबर चुकला नाही ना. मायरेने बरणी उचलून त्याच्या नाकासमोर धरली. नंबर बरोबर होता. मग तो एकेकाकडे गेला. सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, काय, आज कुणावर नजर? लोकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याचाच पाढा त्याला वाचून दाखवला. ब्लॉकला तडा आहे ना रे? गिअर अडकतात म्हणालास. दंतवैद्य बाई तर हळहळल्या. "शेवटी धूरही थांबला हो तिचा. विझताना दिवा मोठा होतो, तसं झालं. छान निरोप घेतला म्हातारीने."

एन्सिओ टायरवर बसून कॉफी पीत होता. तो म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. मी उद्याच बोलतो भंगारवाल्याशी."

तिथे कौकोचा तोल गेला. साव्होच्या माणसाने करू नये ते त्याने केलं. तो सरळ बोलला.

"ब्लॉकला तडा नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हता. हे इंजिन मी तीन हिवाळे घडवलंय आणि तुमच्यापैकी एकाच्याही गाडीत असं इंजिन नाही."

दोघं-तिघं दयेने हसले. विकायला निघाला वाटतं, असं कुणीतरी म्हणालं. मायरेने घड्याळ बघून सांगितलं की बरण्या बंद व्हायला थोडाच वेळ आहे. गप्प बसला असता तर म्हातारी संध्याकाळी गोठ्यात असती. सिर्क्का टपरीतून मान हलवून नको नको करत होती. कौकोने तिच्याकडे बघितलं, आणि जाऊन बोनेट उघडलं.

गाव जमलं. मग वाल्व्हचं झाकण निघालं, मग कार्ब्युरेटर, आणि कौको सांगत सुटला. हे असं घासलं, हे असं कापलं, हे केकच्या काट्यावर तोललं. इतकं तो लग्नातसुद्धा बोलला नव्हता. लोक वाकून बघत होते, आणि हसणारे हसायचे थांबले होते. एका म्हाताऱ्या ट्रॅक्टरवाल्याने तर टोपी काढली. तेवढ्यात एन्सिओने आत बोट घातलं आणि विचारलं, "आणि ही बाटली कसली?"

आता काय सांगणार? इतकी वर्षं तुम्हाला सगळ्यांना धूर दाखवून फसवलं, हे भर सभेत सांगायचं? कौकोचा चेहरा सॉसेजसारखा लाल झाला. "बाटलीबद्दल मी काही बोलणार नाही," तो म्हणाला.

साव्होचा माणूस इंजिनातलं सगळं सांगतो आणि बाटलीबद्दल बोलत नाही, म्हणजे काय ते प्रत्येकाने आपलं आपण ओळखलं. लोकांनी एकमेकांकडे बघितलं नाही. ते हळूहळू पांगले, आणि मग मायरेच्या टेबलाकडे अशी रीघ लागली की लोणच्याची बरणी पुरली नाही, तिच्या जोडीला कॉफीची किटली ठेवावी लागली. चिठ्ठी निघाली ती एन्सिओची. कौकोने किल्ली दिली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं सिर्क्का म्हणाली नाही, पण घरी जाताना सगळी वाट ती ज्या पद्धतीने गप्प होती त्यात ते आलंच.

हिवाळा वाईट गेला. गोठ्यात म्हातारीच्या जागी जमिनीवर तेलाचा एक डाग होता, आणि कौको कॉफी पीत त्या डागाकडे बघायचा. विक्रीचा, एन्सिओच्या पैशांचा लिफाफा त्याने उघडलासुद्धा नाही, साखरेच्या डब्यामागे ठेवून दिला. सिर्क्काच्या आग्रहाने भंगारातून एक गाडी आणली, सांगाडा बसवला, आणि इंजिनाला हातच लावला नाही. शनिवारी एन्सिओ सौनात यायचा आणि वाफेत हळूच विचारायचा, बाटलीत तेल कुठलं घालायचं? कौको म्हणायचा, मी काही बोललेलो नाही. एन्सिओ समजूतदारपणे मान हलवायचा. घरी जाऊन त्याने सगळ्या जातींची तेलं घालून बघितली म्हणे, त्याच्या बायकोच्या खोबरेलासकट.

एके दिवशी सिर्क्काच म्हणाली, "म्हातारबा, तिची आठवण येते तर तसं म्हण."

"येते," कौको म्हणाला. असा सरळ तो दुसऱ्यांदाच बोलला होता, आणि सिर्क्काने त्यावर त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

बर्फ वितळलं आणि पहिली शर्यत आली. खाणीत गाड्या सुरू झाल्या आणि कौको जागच्या जागी उभा राहिला. सगळ्या गाड्या निळा धूर सोडत होत्या. ट्रॅक्टरवाल्याची, दंतवैद्य बाईंची, मास्तराचीसुद्धा. खाणीत सापडलेला त्याचा डबाही कुणीतरी अभ्यासला असावा, कारण निम्म्या गाड्या खुळखुळतही होत्या. हिवाळाभर अख्ख्या पंचक्रोशीने बोनेटखाली बाटल्या बसवल्या होत्या. धूर इतका झाला की रानात वणवा लागला समजून शहरातून अग्निशमनाची गाडी आली, आणि आलेल्या लोकांनी मग सॉसेज खाऊन जाणं पसंत केलं.

कौकोची भंगारातली गाडी पहिल्याच फेरीत दुसऱ्या वळणावर बंद पडली. ती ढकलत बाहेर आणताना तो सगळ्यांना सांगत होता, "ही खरंच भंगार आहे. हिच्यात काही केलेलं नाही. बाटलीसुद्धा नाही." लोक गंभीरपणे हो हो म्हणाले, आणि त्याची पाठ वळताच तिच्या बरणीत लिफाफे टाकून आले. चिठ्ठीत ती ट्रॅक्टरवाल्याला लागली आणि तो अजून तिच्यातली खुबी शोधतो आहे.

अंतिम फेरी कौकोने कडेच्या ढिगावरून बघितली, म्हणजे ऐकली, कारण दिसत काहीच नव्हतं. त्या धुरात, त्या खुळखुळाटात, म्हातारी कुठे आहे हे त्याला प्रत्येक वळणावर कळत होतं. डोळ्यांना पाणी आलं होतं. धुराने सगळ्यांच्याच आलं होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हातारी पहिली आली.

बरण्या मांडल्या गेल्या. कौको बघत राहिला. म्हातारीच्या बरणीत कुणी काही टाकत नव्हतं. आणि का टाकावं? बाटली आता प्रत्येकाकडे होती. एक जुनी ठेंगणी गाडी घेऊन करायचं काय? कौकोने खिशातून साखरेच्या डब्यामागचा तो लिफाफा काढला, न उघडलेला, आणि बरणीत टाकला. मायरेने वेळ संपेपर्यंत वाट बघितली, मग झाकण लावलं. आत तो एकटाच होता.

एन्सिओने लिफाफा बघितला, स्वतःचं अक्षर ओळखलं, आणि बराच वेळ डोकं खाजवलं. मग म्हणाला, नियम तो नियम. किल्ली दिली. आणि पाना मागितला.

"पाना कशाला?" कौकोने विचारलं.

"नियमात गाडी लिहिलीय," एन्सिओ म्हणाला. "बाटली लिहिलेली नाही. बाटली माझ्याबरोबर घरी येणार."

कौकोने खाली बघितलं. त्याने चेहरा जेवढा पाडता येईल तेवढा पाडला. "हे काही बरं नाही केलंस, एन्सिओ," तो म्हणाला. "बाटलीशिवाय म्हातारीत राहिलं काय?" असं म्हणून त्याने खोल सुस्कारा सोडला आणि पाना दिला. एन्सिओने बाटली, नळी, तोटी, सगळं जपून सोडवलं, बाटली टॉवेलात गुंडाळली आणि छातीशी धरून नेली.

मग कौकोने म्हातारी सुरू केली. ना धूर, ना खुळखुळ. ट्रेलरवर चढवण्याआधी त्याने ती तशीच थोडा वेळ चालू ठेवली. सिर्क्का टपरी आवरून आली, खिडकीच्या मोकळ्या चौकटीत कोपर टेकून उभी राहिली आणि तिने विचारलं, "मग? खूश?"

कौकोने इंजिन ऐकलं, स्टीअरिंगवरून हात फिरवला, आणि नीट विचार करून उत्तर दिलं.

"जरा उबदार वाटतंय खरं."